पाइप कधी वाजतो ते आधी लिहून ठेवा : सोलर, गिझर आणि नळाच्या आवाजांची घरगुती दुरुस्ती

चार वर्षांपूर्वी मी बेळगावातल्या वडगावच्या घरात न्हाणीची भिंत फोडून घेतली. पहाटे पाचच्या सुमारास भिंतीतून ढण-ढण-ढण असा आवाज यायचा. कान लावला तर अगदी गिझरच्या मागून. शेजारच्या काकू एके दिवशी विचारायला आल्या, ‘‘काय ओ, पहाटेचं कोण भिंत ठोकूलंय?’’ लाजेकाजेस्तव गवंडी बोलावला. चार फरशा गेल्या, पाइप उघडा पडला, नवे क्लॅम्प बसले, परत गिलावा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा ढण-ढण-ढण.

खरं कारण गच्चीवर होतं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाणी पहाटे सुटायचं, दाब चांगला असला की थेट वरच्या टाकीत चढायचं. टाकी भरत आली की फ्लोटचा बॉल पाण्याच्या लाटांवर वर-खाली नाचायचा आणि प्रत्येक नाचाला आतला व्हॉल्व्ह उघडझाप करायचा. तो ठोका पाइपातून खाली येऊन न्हाणीच्या भिंतीत, जिथं पाइप सैल होता तिथं, मोठा होऊन ऐकू यायचा. लोखंडातून आवाज सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगानं धावतो, पाण्यातून १५०० च्या आसपास. म्हणून पाइपाच्या बाबतीत कान जी जागा सांगतो ती बहुतेक वेळा चुकीची असते. वेळ मात्र चुकत नाही. ‘रोज पहाटे पाचला’ हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याचा अर्थ लावायचं मात्र सुचलं नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. पान्हा नंतर काढा.

तीन दिवसांची नोंद

एक कागद न्हाणीच्या दाराला चिकटवा. आवाज आला की तीन गोष्टी लिहा : किती वाजले, त्या क्षणी काय चालू होतं किंवा नुकतंच बंद झालं, आणि आवाज कसा होता. घरातल्या सगळ्यांना लिहायला लावा, कारण दुपारचा आवाज ऑफिसला गेलेल्या माणसाला ठाऊक नसतो. ‘काय चालू होतं’ यात कॉर्पोरेशनचं पाणी, बोअरची मोटर, प्रेशर पंप, वॉशिंग मशिन, गिझरचा दिवा आणि कुठली चावी (म्हणजे नळ) हे सगळं आलं.

तीन दिवसांत चित्र बहुधा स्पष्ट होतं. चावी बंद करताक्षणी धाडकन वाजलं तर पाण्याचा धक्का. गरम पाणी सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटानं टिकटिक सुरू होते आणि पाणी बंद केल्यावरही काही वेळ चालते, तर पाइप तापून वाढतोय. गुडगुड आणि थुंकल्यासारखं पाणी आलं तर हवा. गिझरचा दिवा लागलेला असताना आतून रटरट येते आणि दिवा गेला की थांबते, तर क्षार. पाणी वाहत असेपर्यंतच शिट्टी वाजते, तर कुठंतरी वाट अरुंद झालीय. कोणीही काहीही वापरत नसताना पंप मधूनच घुर्र करून बंद होतो, तर गळती.

यानंतर एक खात्री करून घ्या. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून आवाजाच्या वेळेची वाट बघा. तरीही आवाज आला तर तो टाकी भरणाऱ्या लाइनीचा किंवा शेजाऱ्याचा. आमच्याकडं शहापूर, वडगाव, खडेबाजार भागात दोन घरांमध्ये एकच भिंत असते, त्यामुळं शेजाऱ्याचा पाइप आपल्या भिंतीत वाजणं काही नवलाचं नाही.

धाडकन : पाण्याचा धक्का

सगळ्यात जास्त नुकसान करणारा आवाज हा, म्हणून यावर जरा थांबतो.

वाहतं पाणी म्हणजे चालती गाडी. चावी झटक्यात बंद केली की मागचं सगळं पाणी पुढच्या पाण्यावर आदळतं आणि दाबाची लाट पाइपातून मागं-पुढं धावते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या पाइपलाइनींवर प्रयोग करून याचं गणित मांडलं. घरगुती भाषेत ते असं : लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगानं वाहणारं पाणी अगदी एकदम थांबवलं, तर आहे त्या दाबात सुमारे १२ ते १३ बारची (बार हे दाब मोजायचं माप) भर पडते. प्लास्टिकच्या पाइपात ४ ते ५ बारची, कारण प्लास्टिक थोडं फुगून धक्का पोटात घेतं. गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली येणारं पाणी एरवी फक्त १ बार दाब देतं, हे लक्षात घेतलं की आकडा केवढा ते कळतं.

आपल्या घरात वेग किती हे बादलीनं मोजता येतं. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला १० लिटर पाणी येतं तेव्हा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो. म्हणजे २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर १ मीटर, एका मिनिटात भरली तर २ मीटर. दुसऱ्या प्रकारच्या घरात पाइप वाजणारच. हातानं चावी इतक्या झटक्यात बंद होत नाही, त्यामुळं प्रत्यक्षात पूर्ण धक्का बसत नाही. पण पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या चाव्या आणि वॉशिंग मशिनमधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह त्याच्या बरेच जवळ जातात. जुनी वायसरची चावी चार फेरे फिरवावी लागायची, म्हणून आजीच्या काळात पाइप वाजत नसत. त्यात पाइपाचं कौतुक काही नव्हतं.

उपाय स्वस्ताकडून महागाकडं करत जा.

पहिला, फुकटचा. ज्या चावीनं आवाज येतो तिच्याखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीलगतचा छोटा व्हॉल्व्ह, थोडा आवळा. बादली दीड-दोन मिनिटांत भरेल इतका. वॉशिंग मशिनच्या चावीलाही तेच. निम्म्या घरांत काम इथंच संपतं.

दुसरा, क्लॅम्प. भिंतीबाहेरून जाणारा पाइप हातानं हलवून बघा. सैल पाइप धक्क्यासरशी भिंतीवर आपटतो आणि खरा आवाज त्या आपटण्याचा असतो. थंड पाण्याच्या पाइपाला दर तीन-साडेतीन फुटांवर क्लॅम्प घट्ट लावा, मध्ये रबराची पट्टी घाला. सायकलची जुनी ट्यूब कापून घातली तरी चालते, उद्यमबागेतल्या आमच्या एका फिटरनं मला हेच शिकवलं.

तिसरा, हवेचं नळकांडं. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या घरात चावीच्या वर एक-दीड फूट उभा, वरून बंद केलेला पाइपाचा तुकडा दिसतो. लोक समजतात पुढच्या कनेक्शनसाठी ठेवलाय. त्यात हवा कोंडलेली असते आणि ती स्प्रिंगचं काम करते. वर्षानुवर्षांत ती हवा पाण्यात विरघळून जाते, तुकडा पाण्यानं भरतो आणि पाइप पुन्हा वाजायला लागतो. ती परत भरायला खर्च नाही : टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची चावी उघडा, लाइन पूर्ण रिकामी होऊ द्या, दोन्ही चाव्या बंद करा आणि टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. नळकांडं नसेल तर पिस्टनचा तयार धक्काशोषक मिळतो, तो वॉशिंग मशिनच्या चावी आणि नळीच्या मध्ये बसतो.

प्रेशर पंप असेल तर त्याचा दाब कमी करणं हाही उपाय आहे. दुमजली घराला शॉवरसाठी दीड-दोन बार पुरतात.

फ्लोटचा नाच थांबवायला मी शेवटी काय केलं? टाकीत पडणाऱ्या पाण्याला एक आडवी नळी जोडून तिचं तोंड पाण्याखाली नेलं. पाणी उसळायचं थांबलं, लाटा थांबल्या, बॉल शांत झाला. नळीला पाण्याच्या पातळीच्या वरच्या भागात एक छोटं भोक जरूर पाडा, नाहीतर बाहेरचा दाब गेला की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. सोबत व्हॉल्व्हचा झिजलेला वायसरही बदलला. एवढ्यासाठी भिंत फोडली होती.

टिकटिक : तापलेला पाइप

थंडीच्या सकाळी ही टिकटिक जास्त ऐकू येते, कारण पाइप रात्रभर गार पडलेला असतो. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकचा, ३ मीटर लांबीचा पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे ८ मिलिमीटर वाढतो. तेवढाच तांब्याचा २ मिलिमीटर, लोखंडाचा दीडसुद्धा नाही. म्हणजे जीआय काढून सीपीव्हीसी घातलं की वाढ पाचपटीहून जास्त होते, आणि मिस्त्री मात्र क्लॅम्प जुन्या सवयीनं आवळतो. पाइप क्लॅम्पमध्ये अडकतो, ताण साठतो आणि टक करून सुटतो.

वर थंड पाइपाचा क्लॅम्प घट्ट आवळा म्हटलं, गरम पाइपाचं बरोबर उलटं. क्लॅम्पमधून पाइप बोटानं सरकला पाहिजे. स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा, बऱ्याचदा त्याच सकाळी फरक पडतो. भिंत किंवा स्लॅबमधून पाइप आरपार जातो तिथं सिमेंट थेट पाइपाला चिकटलेलं असेल तर ते छिन्नीनं हलक्या हातानं मोकळं करून मोठ्या पाइपाची बाही घाला. दोन कोपऱ्यांमध्ये लांब सरळ पाइप असेल तर कोपऱ्यापाशी पहिला क्लॅम्प फूटभर लांब ठेवा, म्हणजे कोपरा वाकून वाढ सामावून घेतो. गिलाव्यात गाडलेल्या पाइपाची टिकटिक मात्र सहन करावी. त्यासाठी भिंत फोडू नये, हे मी अनुभवानं सांगतो.

गुडगुड : हवा

पातेल्यात पाणी ठेवलं की उकळायच्या बऱ्याच आधी कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा. सोलरच्या टाकीत हेच रोज होतं, आणि सुटलेली हवा पाइपातल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते.

हिवाळ्यात माझा इंग्लंडमधला भाचा फोनवर कुरकुरत होता, ‘‘मामा, खोलीतला हीटर रात्रभर गुडगुडतोय.’’ तिकडं घर तापवायला बॉयलरचं गरम पाणी खोल्याखोल्यांत लोखंडी रेडिएटरमधून फिरवतात. मी विचारलं, ‘‘खालून गरम लागतो आणि वरून गार?’’ हो म्हणाला. मग तीच हवा. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यायचा, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या स्क्रूला किल्ली लावून खाली फडकं धरायचं, पाव ते अर्धा फेरा उघडायचा, फुस्स आवाज संपून पाणी आलं की बंद करायचा आणि शेवटी बॉयलरवरचा दाब गार असताना १ ते दीड बारच्या दरम्यान आहे का ते बघायचं. दहा मिनिटांचं काम. तिथं हवा काढायला स्क्रू दिलेला असतो. आपल्या गच्चीवर ती सोय आपणच करून ठेवावी लागते.

आपल्याकडं हवा अडकायची पहिली जागा म्हणजे कठडा. सोलरमधून निघालेला गरम पाइप कठड्यावरून चढून पलीकडं भिंतीवर उतरवलेला असतो, उलट्या यूसारखा. त्या माथ्यावर हवा साचते, धार बारीक होते, कधी पूर्ण अडते. कठड्याला खालून भोक पाडून पाइप सरळ काढणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर माथ्यावर टी बसवून उभा व्हेंट (हवा बाहेर जायचा) पाइप काढा. व्हेंटचं वरचं तोंड थंड पाण्याच्या टाकीच्या काठापेक्षा किमान फूटभर उंच हवं, नाहीतर टाकी भरली की तिथून पाणी सांडत राहील. तोंड खाली वळवून जाळी लावा, गांधीलमाश्या घर करतात.

काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याची सपाट पेटी असलेला जुना सोलर असेल तर पेटीपासून टाकीकडं जाणाऱ्या पाइपावर पाणसळ ठेवा. पाइप सतत चढता हवा, कारण पाणी तिथं पंपाशिवाय, फक्त गरम झाल्यामुळं हलकं होऊन वर चढतं. पावसाळ्यात स्टँड एका बाजूनं खचला की चढ मोडतो. खानापूर-जांबोटीकडं, जिथं पाऊस कोसळतो आणि स्टँडचे पाय गंजतात, तिथं दिवाळीच्या साफसफाईत हे एकदा बघून घ्यावं.

आत्ता अडकलेली हवा काढायला प्लंबर लोकांची एक युक्ती आहे. न्हाणीतली थंड पाण्याची चावी आणि गरम पाण्याची चावी यांना फूट-दीड फुटाच्या नळीनं जोडा. आधी गरम उघडा, मग थंड. थंड पाण्याचा दाब गरम लाइनीत उलटा शिरून हवेला वर ढकलतो आणि ती व्हेंटमधून निघून जाते. प्रेशर पंपाची लाइन असेल तर मिनिटभरात होतं. ही नळी कायम जोडून ठेवू नका, आणि हे काम पहाटे करा. दुपारी व्हेंटमधून उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं.

दुपारी सोलर खदखदतो, अशी तक्रार एप्रिल-मेमध्ये येते. घर सुट्टीत बंद असतं, पाणी वापरलं जात नाही आणि टाकी उकळायला लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. व्हेंट उघडा असेल तर धोका नाही. गावाला जाताना नळ्यांवर ताडपत्री टाकून जा. टाकी रिकामी होऊन नळ्या कोरड्या तापल्या असतील तर भर उन्हात थंड पाणी सोडू नका, काच तडकते. संध्याकाळ होऊ द्या.

रटरट : गिझरमधले क्षार

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात बादलीच्या काठावर पांढरा थर दिसतो ना, तोच गिझरच्या कॉइलवर बसतो. पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, बाहेर पडतं. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात, म्हणून रटरट. राकसकोप किंवा हिडकलचं पाणी वापरणाऱ्या शहरातल्या घरापेक्षा चिकोडी-अथणीकडच्या बोअरवाल्या घराला हा त्रास लवकर होतो. गिझर ६५-७० ऐवजी ५०-५५ अंशांवर ठेवला तर थर बराच सावकाश बसतो.

साफ करायचं तर क्रम सोडू नका. एमसीबी पाडा आणि टेस्टरनं करंट नसल्याची खात्री करा. गरम चावीतून गार पाणी येईपर्यंत सोडा, मग गिझरचा इनलेट बंद करून टाकी रिकामी करा. झाकण काढल्यावर वायरिंगचा मोबाइलवर फोटो घ्या, हा फोटो नंतर तासभर वाचवतो. नट थोडे-थोडे करत समोरासमोरचे सैल करा, कॉइल अलगद ओढा. थर लाकडी पट्टीनं खरवडा, उरलेल्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून त्यात बुडवून ठेवा. तारांची टोकं भिजू देऊ नका. संडासचं ॲसिड वापरू नका, धातू आणि टाकीच्या आतला लेप दोन्ही खाऊन टाकतं. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः गंजते. झिजून तार उरली असेल तर बदला. गॅस्केट, म्हणजे सांध्यातलं रबर, मात्र दरवेळी नवं. परत जोडल्यावर गरम चावी उघडी ठेवून टाकी भरा, धार न थुंकता सलग आली की मगच बटण दाबा. कोरड्या गिझरला करंट दिला की कॉइल गेलीच. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे सगळं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि आपण शेजारी उभे राहा.

गिझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून टपटप होते, ती तक्रार समजू नये. १५ लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर गेलं की पाव लिटरभर वाढतं, ते कुठंतरी जायला हवं. कुणी ‘गळतंय’ म्हणून तिथं बूच मारलं असेल तर आजच काढा. न तापताही सतत धार असेल, तर व्हॉल्व्ह बिघडलाय किंवा पंपाचा दाब जास्त आहे.

उरलेले

शिट्टीसाठी चावीच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये ठेवा, वायसर बदला, अर्धवट उघडा गेटव्हॉल्व्ह पूर्ण उघडा. तेवढं पुरतं.

पंप आपोआप सुरू-बंद होत असेल तर रात्री सगळ्या चाव्या बंद करून पंपानंतरचा व्हॉल्व्ह बंद करा. पंप शांत झाला तर गळती घरात आहे, आणि पहिला संशय कमोडच्या फ्लशवर घ्या. टाकीत रंगाचे थेंब टाका, पंधरा मिनिटांत भांड्यात रंग दिसला तर सापडला. पंप तरीही चालू-बंद होत राहिला तर त्याचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बघा. चावी उघडल्यावर पंप सेकंदासेकंदाला थडथडत असेल तर त्याच्या छोट्या प्रेशर टाकीतली हवा गेलीय. पंप बंद करून चावी उघडी ठेवा, दाब शून्यावर येऊ द्या आणि सायकलच्या पंपानं हवा भरा, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा ०.२ बार कमी.

गॅस गिझर पेटताना क्षणभर थांबून धप्प करत असेल, तर वर लिहिलेलं काहीही करू नका. गॅस साचून उशिरा पेटतोय. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा, कंपनीच्या माणसाशिवाय पेटवू नका. आणि तो न्हाणीच्या आत बसवलेला असेल तर या निमित्तानं बाहेर काढून घ्या, बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला ना वास ना आवाज.

दुरुस्ती झाल्यावर दाराचा कागद लगेच काढू नका. आणखी तीन दिवस त्याच वेळेला कान देऊन नोंद करा. आमच्या कागदावर चौथ्या दिवशी काकूंनीच येऊन खडूनं लिहिलं होतं, ‘‘आज नाही.’’